फ्लोरीनच्या डोक्यावरची टोपली

"टोपली कमरेक नको. माथ्यार घे. तुझी आवय घेता तशी."

सरांनी माझ्या आईचा असा दाखला दिला आणि अख्खी प्रयोगशाळा हसली. पुढच्या बाकावरच्या मुली तोंडावर ओढणी धरून, मुलगे उघड उघड. मी टोपली कमरेवरून काढून डोक्यावर घेतली. बारावी सायन्सला होते मी. आमच्या म्हारवाड्यावरून त्या वर्गापर्यंत पोचलेली पहिली मुलगी. सरांनी सांगितलं की करायचं, एवढंच तोवर मला शिकवलेलं होतं.

गोवा मुक्त झाला त्याला तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. शाळा डिचोली तालुक्यातली. नाव सांगत नाही. सांगितलं तर म्हणाल, ती शाळाच तसली. आणि बाकीच्या शाळा कानांवर हात ठेवून मोकळ्या होतील.

तालीम चालली होती गॅदरिंगच्या नाटकाची. नाटक 'मूलद्रव्यांचा दरबार'. लिहिलं रसायनशास्त्राच्या सरांनीच. आमच्या पेडणे-डिचोलीकडे माणसाला नाटकाचं वेडच असतं. देवळाची जत्रा आली की नाटक आलंच, आणि ज्याला चार ओळी जुळवता येतात तो नाटककार. सरांनी कित्येक वर्षं देवळाच्या मंडपात नाटकं बसवली होती. त्या साली म्हणाले, यंदा विज्ञान आणि रंगभूमी एकत्र. पुस्तक इंग्रजी, शिकवायचे मराठीत, आणि रागवायचे, चेष्टा करायचे ती कोंकणीत. वाईट शिकवायचे असं मी म्हणणार नाही. चांगलं शिकवायचे. म्हणून तर जास्त लागलं.

मूलद्रव्यांच्या तक्त्यात अगदी उजवीकडे एक उभा रकाना आहे. त्यात सहा वायू. हेलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, रेडॉन. त्यांची बाहेरची कक्षा इलेक्ट्रॉननी भरलेली. कुणाकडून घ्यायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, कुणात मिसळायचं नाही. त्यांना राजवायू म्हणतात. त्यांना लागून शेजारी हॅलोजनचा रकाना. फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन. यांच्या बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन. आठाला एक कमी. त्या एकासाठी हे दिसेल त्याच्या अंगावर जातात. सोडियम दिसला, घे त्याचा. लोखंड दिसलं, घे त्याचा. फ्लोरीन सगळ्यांत वर आणि सगळ्यांत जहाल. खाली उतरत जावं तसा जोर कमी.

हे झालं विज्ञान. सरांनी त्याचं गाव केलं. राजवायू म्हणजे खानदानी घरं, पोट भरलेली, म्हणून शांत. हॅलोजन म्हणजे जन्माचे उपाशी, दारोदार 'एक द्या, एक द्या' करत हिंडणारे. वर्गात मी एकदा विचारलं होतं की सर, हेलियमकडे तर दोनच इलेक्ट्रॉन आहेत, मग तो राजांत कसा. सर म्हणाले, त्याचं घरच लहान, दोनात भरतं. सगळे हसले, मीही हसले. उत्तर बरोबर होतं. पण सातवाल्याला उपाशी म्हणायचं आणि दोनवाल्याला खानदानी, हे मला तेव्हाच खटकलं होतं.

आमच्याकडे देवळाच्या नाटकात राजाचं काम मानाचं. ते कुणी करायचं हे गळा ऐकून ठरत नाही, घर बघून ठरतं. अमक्या घरचा मुलगा राजा, तमक्या घरचा प्रधान. बाकीच्यांनी भालदार व्हायचं, नाहीतर पडदा ओढायचा. सरांचा हात त्याच वळणाचा. त्यांनी मूलद्रव्यंही मानाप्रमाणे वाटली. सहा खुर्च्या, सहा घरचे सहा मुलगे, अंगावर जरीचे अंगरखे. झेनॉन झाला आमच्या भाटकाराचा मुलगा. भाटकार म्हणजे जमीनमालक. आमचं घर उभं होतं ती जमीन त्यांची, आम्ही त्यांचे मुंडकार. हॅलोजन झालो आम्ही मागच्या बाकावरचे चौघे. त्यात फ्लोरीन मी, कारण सर म्हणाले, "सगळ्यांत हावरा तो. तुका बरो शोबतलो."

आणि मला वाक्य दिलं. टोपली घेऊन दरबारात यायचं, राजांसमोर वाकायचं आणि ओरडायचं, "दे दान, सुटे गिराण."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गिराण म्हणजे ग्रहण. ग्रहण लागलं की आमच्या बायका टोपल्या घेऊन गावात निघायच्या. हीच हाक देत घराघरांपुढे उभ्या राहायच्या. लोकांची समजूत अशी की आम्हांला दान दिलं की सूर्य-चंद्र सुटतात. तांदूळ, नारळ, जुनेर. सगळं वरून टोपलीत टाकायचं, हात लागू द्यायचा नाही. सूर्य सोडवायला आम्ही चालत होतो, पायरीवर चालत नव्हतो. माझी आजी अशी फिरली, आवय फिरली. लहानपणी आवयच्या मागून मीही गेले आहे. लाटंबार्से ते खालचे वाडे, अनवाणी. त्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या आयांनी माझ्या आवयच्या टोपलीत वरून तांदूळ टाकले होते. म्हणून ते हसले. त्यांना विनोद लगेच कळला.

पुढे कळलं की हेलियमचा पहिला माग माणसाला लागला तो ग्रहणातच. सूर्य झाकला गेला तेव्हा कडेच्या उजेडात एक अनोळखी पिवळी रेघ दिसली, तो हेलियम. ते ग्रहणही आपल्याच देशातून पाहिलं होतं. म्हणजे शिकलेली माणसं सूर्याला दुर्बिणी लावून बसली होती, त्या वेळी आमच्या कुणा पणजीच्या डोक्यावर टोपली होती. वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. बराच वेळ संताप आवरेना.

तालीम संपली. घरी आले. आवय भाटकाराच्या खळ्यावर भात झोडून आलेली, केसांत तूस. तिला कुणीतरी सांगितलं होतं की तुझ्या पोरीला नाटकात घेतलंय. असली खूश झाली होती. आमच्या घरातलं कुणी रंगमंचावर कधी चढलेलं नव्हतं. पडद्यासमोर जमिनीवर, तेही लांब बसून बघणारे आम्ही. तिनं विचारलं, काम कसलं गो तुझं? म्हटलं, फ्लोरीनचं. ती म्हणाली, बरं असणार, नाव मोठं आहे. मी येणार बघायला, तुझ्या पप्पाला पण सुट्टी काढायला सांगते. पप्पा खाणीवर ट्रक भरायला जायचे. मी आवयच्या केसांतलं तूस वेचायला लागले. ही बाई चांगलं लुगडं नेसून येणार, मागे उभी राहणार, आणि तिची स्वतःची हाक तिच्या पोरीच्या तोंडून ऐकणार, आणि सगळं गाव हसणार.

नाटकातून नाव काढून घ्यावं तर सर चिडणार, आणि प्रॅक्टिकल सरांच्या हातात. करावं तर आवयच्या तोंडाकडे पुन्हा कसं बघायचं?

रविवारी अंगणात भात वाळत घातलं होतं. मी कोंबड्या हाकत पुस्तक घेऊन बसले. त्या धड्याचं शेवटचं पान सरांनी शिकवलं नव्हतं, घरी वाचा म्हणाले होते. वाचायला घेतलं. इंग्रजी अडत अडत. एक वाक्य मी दोनदा वाचलं, मग बोट ठेवून पुन्हा वाचलं. राजवायू कुणाशीच जोडले जात नाहीत असं पूर्वी मानत होते. ते खरं नाही. झेनॉन फ्लोरीनशी जोडला जातो. दोन फ्लोरीनशी, चारांशी, सहांशीसुद्धा. उष्णता द्यावी लागते, इतकंच. खाली स्फटिकांचं वर्णन होतं. पांढरे, स्वच्छ.

कोंबड्यांनी भात खाल्लं. आवय मला ओरडली. मला काही ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक घेऊन सरांकडे गेले. अगदी नीट, खाली मान घालून विचारलं. म्हटलं, सर, इथं असं दिलंय, मग नाटकात शेवटी झेनॉन आणि फ्लोरीन जोडले गेले असं दाखवूया का? टोपली आणि ती हाक काढून टाकूया का? सरांनी पान बघितलं. त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. मास्तर हुशार होते. पुस्तक मिटून माझ्या हातात न देता टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "झेनॉन कोण जाला, खबर आसा मगो तुका?"

खबर होती. पण त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं की रसायन एका बाजूला आणि गाव दुसऱ्या बाजूला. निदान त्या खोलीत तरी. इतकी वर्षं मी त्याच भरवशावर अभ्यास करत होते. परीक्षानळीला जात कळत नाही, क्लोरीनचं पाणी आयोडाइडात घातलं की ज्याच्या हातून घालाल त्याच्या हातून आयोडीन सुटतं, क्लोरोफॉर्मच्या थरात जांभळा रंग येतो. माझ्या हातूनही आला होता, सगळ्यांत आधी. आणि इथं सर स्वतः सांगत होते की पुस्तकातलं खरं असलं तरी भाटकाराच्या मुलाला लागू नाही. मी पुस्तक उचललं आणि बाहेर आले. रडले नाही.

गॅदरिंगच्या दिवशी मंडप भरलेला. पुढच्या खुर्च्यांवर भाटकार, देवळाचे महाजन, शाळेचे चेअरमन. आवय आणि पप्पा पार मागे, खांबापाशी उभे. ती खरंच चांगलं लुगडं नेसली होती. पडदा उघडला. सहा राजे खुर्च्यांवर. निऑनच्या मागे लाल दिवा लावला होता, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोडियम आला, त्यानं एक इलेक्ट्रॉन म्हणून झेंडूचं फूल क्लोरीनच्या टोपलीत वरून टाकलं, मीठ झालं म्हणून सगळे हसले. आयोडीन, ब्रोमीन वाकून गेले. मग माझी पाळी.

मी गेले. डोक्यावर टोपली होती. मधोमध उभी राहिले. लोक आधीच हसायला लागले होते, कारण टोपली त्यांनी ओळखली. विंगेतून सर पुटपुटले, वाक, वाक. मी मागे खांबाकडे बघितलं. आवय हसत नव्हती. तिला कळलं होतं. ती लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी धरून उभी होती.

मी टोपली काढून खाली ठेवली.

"मी मागायला आलेली नाही," मी म्हटलं. "मी फ्लोरीन. मी काचेलासुद्धा सोडत नाही. झेनॉन माझ्याशी जोडला जातो. हे पुस्तकात आहे, सरांनी शिकवलं नाही."

आणि पुढे होऊन झेनॉनचा हात धरला.

त्याचा हात गार होता, घामानं ओला. त्यानं लगेच काढून घेतला नाही, हे मी सांगितलंच पाहिजे. तो माझ्याकडे बघत राहिला, त्याचे ओठ हलले, वाक्य शोधत असावा. त्या प्रवेशात त्याला वाक्यच दिलेलं नव्हतं. मग पुढच्या रांगेत खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला आणि त्यानं हात ओढून घेतला. पडदा पडला. तो घाईत अर्धाच आला, आमचे पाय दिसत होते.

त्याला त्याच संध्याकाळी घरी विहिरीवर नेऊन डोक्यावरून आंघोळ घातली, असं नंतर कळलं. मला कुणी मारलं नाही. आता मारत नाहीत, मुक्ती झालीय ना. सरांनी मला आणि आवयला प्रयोगशाळेत बोलावलं. बसायला सांगितलं नाही. म्हणाले, शाळेची लाज गेली. भाटकारांच्या घरी जायचं, अंगणात उभं राहून चुकलं म्हणायचं. तोपर्यंत जर्नलवर सही नाही. सही नाही म्हणजे प्रॅक्टिकल नाही, आणि प्रॅक्टिकल नाही म्हणजे वर्ष गेलं. हे सगळं शांतपणे, मराठीत. चेष्टा करायची गरज आता त्यांना उरली नव्हती.

घरी आल्यावर आवय बोलली. म्हणाली, एक शब्द तो, म्हणून टाक. वर्ष वाचेल. जमीन त्यांची, घर त्यांच्या जमिनीवर, आपण किती ताणायचं? पप्पा म्हणाले, मुंडकाराचा कायदा झालाय, घरातून काढता येत नाही. आवय म्हणाली, कायदा पणजीत असतो, भाटकार इथं असतो. ते खोटं नव्हतं. मी तिच्याबरोबर गेले. तिच्यासाठी गेले. जाताना मलाही वाटत होतं की म्हणून टाकावं, आणि परीक्षा द्यावी, आणि सुटावं इथून.

भाटकार सोप्यावर बसले होते. रागावलेले दिसत नव्हते. उलट चांगले बोलले, घरात अभ्यास कोण घेतो म्हणून विचारलं. माणूस गोड बोलतो तेव्हा नाही म्हणणं फार कठीण जातं. आम्ही खाली अंगणात. मुलगा दाराआड उभा होता, त्याची सावली दिसत होती.

"म्हण गो, चुकलें म्हण. विषय सोंपलो," भाटकार म्हणाले.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात माझ्या शेजारी आवय वाकली. कमरेतून, कपाळ जमिनीला टेकेपर्यंत. माझ्यासाठी माफी ती मागत होती. माझ्या एका शब्दाच्या जागी तिनं अख्खं अंग घातलं. इतकी सराईत वाकली ती, की बघूनच माझं डोकं फिरलं. कुणी शिकवलं होतं तिला हे इतकं चांगलं?

मी तिच्या दंडाला धरून तिला उभी केली. जोरात धरलं असणार, तिला दुखलं.

"माझा कायच चुकूक नाय," मी म्हटलं. "तिचाय नाय."

भाटकार उठले आणि आत गेले. झालं. एवढंच. आरडाओरडा नाही, काही नाही. आम्ही अंगणातून बाहेर पडलो. आवय पुढे, मी मागे. मला वाटलं ती आता मारणार. आमच्या वळणावर ती थांबली, दंड चोळला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "माका सवय आसा वांकूची. तुका होवक नये."

सही झाली नाही. माझ्या वर्गातली मुलं प्रॅक्टिकलला गेली त्या दिवशी मी आवयबरोबर शेतात होते. खोटं कशाला सांगू, वाईट वाटलं. फार वाईट. मिठाचं पृथक्करण मला तोंडपाठ होतं. राजे सगळे पास झाले. माझं वर्ष गेलं, आणि आमच्याच वाड्यावरचे लोक म्हणाले, शिकून शहाणी झाली ना, आता बसा. पप्पांनी तेवढं म्हटलं की मी खाणीवर आहे, अजून एक वर्ष ओढेन.

जूनमध्ये सगळे म्हणाले, म्हापशाला जा, तिथं तुला ओळखत नाहीत. मी म्हटलं, ओळखत नाहीत म्हणून जायचं म्हणजे लपायलाच जायचं. मी कुणाचं काय चोरलं होतं? त्याच शाळेत नाव घातलं. हेडमास्तरांनी कुरकुर केली, पण नापास झालेल्या मुलीला परत घेऊ नका असा नियम त्यांना दाखवता आला नाही. पहिल्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेले आणि पुढच्या बाकावर बसले. नवी मुलं, मला ओळखणारी आणि न ओळखणारी, बाजूला सरकली. सरकू देत.

सर आले. मला बघितलं. हजेरी घ्यायला लागले. एकेक नाव, एकेक 'हजर'. माझ्या आधीचं नाव झालं, माझ्या नंतरचं झालं. शेवटपर्यंत वाचून सरांनी हजेरी मिटली आणि खडू उचलला.

मी उठून उभी राहिले. म्हटलं, सर, माझं नाव राहिलं.

ते फळ्याकडे वळलेले. तसेच, मागे न बघता म्हणाले, "बस. मागीर बरयतां."

"नंतर लिहू नका. आता घ्या. सगळ्यांसमोर. तुम्ही नाव घेईपर्यंत मी बसणार नाही."

ते शिकवायला लागले. मी उभी राहिले. मागच्या मुलांना फळा दिसत नव्हता, ती चुळबुळ करत होती, सर, ही आड येते म्हणत होती. सर ऐकू न आल्यासारखं लिहीत होते. मी हललेही नाही. पाय दुखायला लागले तेव्हा मी मनाशी पक्कं केलं. आज नाव घेतलं नाही तर उद्या उभी राहीन. उद्या नाही तर परवा. मला बाहेर काढलं तर दारात उभी राहीन, आत दिसेल अशी. हेही वर्ष जायचं असेल तर जाऊ दे. माझं नाव या माणसाच्या तोंडून या खोलीत घेतलं जाईल, आणि तोवर मी बसणार नाही.